शतक नेमके कधी सुरू होते?

इसवी सन ५२५ च्या सुमारास रोममधील डायोनिसियस या ख्रिस्ती संन्याशाने ख्रिस्तजन्मापासून वर्षे मोजण्याची जी पद्धती घालून दिली, तीत शून्य वर्षाला स्थान नसल्यामुळे पहिले शतक सन १०० च्या अखेरीस पूर्ण होते आणि त्याच न्यायाने विसावे शतक १ जानेवारी १९०१ रोजी सुरू होऊन ३१ डिसेंबर २००० रोजी संपते. तथापि दुसऱ्या विल्हेल्मच्या अमदानीत जर्मनीने सरकारी निर्णयान्वये १ जानेवारी १९०० हाच नव्या शतकाचा प्रथमदिन मानला.

‘नव्वदचे दशक’ मात्र अंकसाम्यावर आधारलेले असल्याने १९९० ते १९९९ असे धरणे सर्वथा ग्राह्य होय.

आपल्या शालिवाहन शकात परंपरेने गतवर्षे मोजतात, म्हणून शके १९०० च्या वर्षप्रतिपदेस एकोणीस शतके पूर्ण झालेली असतात. सारांश, शतकारंभाचा निवाडा करण्यापूर्वी गणनेची रीत तपासणे अगत्याचे आहे.