वकील आधी, टोकन नंतर!

इंटेरियरवाला फिक्स आहे. मॉड्युलर किचनचा कलर फायनल आहे. बाल्कनीत झोपाळा कुठे टांगायचा, हेही ठरलंय. आणि वकील? 'वकील कशाला? बँक लोन देतेय ना, म्हणजे पेपर्स क्लिअरच असणार!' चिकलठाण्यापासून वाळूजपर्यंत कुठल्याही ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये हा डायलॉग ऐकायला मिळतो.

बॉस, इथेच तर गंमत आहे. बँकेचा वकील बँकेचे पैसे सांभाळतो. त्याचा रिपोर्ट बँकेसाठी, तुमच्यासाठी नव्हे. पुढच्या वीस वर्षांचे हप्ते मात्र तुमचे!

मुंबईत या कामाला सॉलिसिटर गाठतात, आपल्याकडे प्रॉपर्टीची कामं करणारे वकीलसाहेब. 1981 पासून शहरात हायकोर्टाचं खंडपीठ आहे, त्यामुळे वकिलांचा तोटा नाही. फक्त 'सर्च रिपोर्ट करता का?' हा प्रश्न पहिला विचारा.

सर्च म्हणजे काय?
साधारण मागच्या तीस वर्षांत ही जागा कुणाकडून कुणाकडे गेली, याचा माग. त्यासाठी वकील सातबारा किंवा पीआर कार्ड, फेरफार, सूची क्रमांक दोन, एनए ऑर्डर आणि बांधकाम परवानगी तपासतो. मग पेपरात जाहीर नोटीस देतो. एखादी वाटणी न मिळालेली आत्या, जुनं गहाणखत, कोर्टातली केस असं काही असेल तर इथेच बाहेर येतं.

मराठवाड्यात एक एक्स्ट्रा चॅप्टर आहे. हा भाग 1948 पर्यंत निजामाच्या राज्यात होता. त्यामुळे काही जुने कागद उर्दूत सापडतात, आणि काही जमिनी इनामी, मदतमाश किंवा वक्फच्या निघतात. सातबाऱ्यावर 'भोगवटादार वर्ग 2' दिसलं, तर सरकारी परवानगीशिवाय व्यवहार सहसा पुढे सरकत नाही. गूगलवर शोधून हे कळत नाही, मुरलेला वकीलच लागतो.

बॉन्डवरचा प्लॉट
'वीस बाय तीस, स्वस्तात, बॉन्डवर!' ही ऑफर या शहराला नवी नाही. पण नोंदणी कायदा 1908 चा आहे आणि शंभर रुपयांच्या वरच्या स्थावर मिळकतीचं खरेदीखत रजिस्टर करावंच लागतं. 2011 मध्ये सुप्रीम कोर्टानेही बजावलं, की नुसत्या मुखत्यारपत्रावर मालकी मिळत नाही. 2024 मध्ये शंभरचा बॉन्ड पाचशेचा झाला, पण मालकीच्या हिशेबात त्याची किंमत शून्यच!

गुंठेवारीचं घर घेताय? 2001 चा कायदा 2021 मध्ये सुधारला आणि 31 डिसेंबर 2020 पर्यंतची गुंठेवारी नियमित करायची सोय झाली. म्हणून 'होऊन जाईल' यावर जाऊ नका. नियमित झाल्याचं प्रमाणपत्र हातात घ्या. 2025 मध्ये मुकुंदवाडी, पडेगाव भागात रस्ता रुंदीकरणासाठी मनपाचे जेसीबी फिरले, तेव्हा परवानगीच्या कागदाची किंमत शहराने पाहिली.

नवा फ्लॅट असेल तर...
महारेराच्या साइटवर प्रोजेक्टचा नंबर टाका. मंजूर प्लॅन, जागेवरचा बोजा, कोर्टकेसेस फुकटात दिसतात. रेरा कायद्यानुसार करार रजिस्टर होण्याआधी बिल्डर दहा टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम घेऊ शकत नाही. आणि कराराचा ड्राफ्ट सहीच्या आदल्या रात्री नको, आठवडाभर आधी वकिलाकडे द्या. ताबा कधी, उशीर झाला तर काय, पार्किंग कागदावर आहे का, हे तो वाचेल.

तीन गोल्डन रूल्स
- बिल्डरने किंवा एजंटने सुचवलेला वकील नको, स्वतः शोधा.
- फी आधी ठरवा आणि रिपोर्ट लेखी घ्या.
- 'आजच टोकन द्या, उद्या दुसरं गिऱ्हाईक येतंय' असं कुणी म्हणालं, तर खुशाल येऊ द्या!

फ्लॅटच्या किमतीपुढे वकिलाची फी म्हणजे झोपाळ्याच्या कड्या. झोपाळा कितीही देखणा असला, तरी भार कड्यांवरच असतो!