तातामीच्या घरात राहायला जाताना

जपानमधील जुन्या धाटणीचे घर परभणीकराला पहिल्या भेटीत फारसे परके वाटत नाही. पादत्राणे दाराशी काढायची, जमिनीवर बसायचे, रात्री अंथरूण पसरायचे आणि सकाळी त्याची घडी करून ठेवायची, हे सारे आपल्या माळवदाच्या घरांत मागच्या पिढीपर्यंत सहज चालत असे. तुमचा मुलगा, लेक किंवा सून नोकरीनिमित्त टोकियोला निघाली असेल, तर हे साम्य ऐकून तुम्हांला धीर येईल. मात्र तेथील हवा आपल्याहून वेगळी आहे, आणि त्या घरातील आरोग्य बव्हंशी हवेतील ओलाव्यावर अवलंबून असते.

टोकियोच्या एदोगावा भागातील निशिकासाई परिसरात भारतीय कुटुंबांची मोठी वस्ती आहे. २०१९ मध्ये एदोगावाच्या स्थानिक सभेवर मूळचे महाराष्ट्रातील योगेंद्र पुराणिक निवडून आले, यावरून ती वस्ती किती रुजली आहे हे कळते. भाड्याने मिळणाऱ्या जुन्या सदनिकांत निदान एक खोली तातामीची असते. तातामी म्हणजे ‘इगुसा’ नावाच्या लव्हाळ्यासारख्या गवताने विणलेली जाड चटई. तिची लांबी साधारण १८० आणि रुंदी ९० सेंटिमीटर असते. खोलीचे मापही चटयांवरून सांगतात. सहा चटयांची खोली म्हणजे सुमारे १० चौरस मीटर.

हे गवत हवेतील ओल शोषून घेते आणि हवा कोरडी झाली की ती सोडून देते. पण ओल सतत राहिली, तर त्याच चटईत बुरशी आणि धुळीतले सूक्ष्म किडे वाढतात. टोकियोत जूनपासून जुलैच्या मध्यापर्यंत पावसाळी दमटपणा असतो आणि पुढचा उन्हाळाही घामाचा जातो. मुलाला सतत शिंका येणे, रात्री खोकला उसळणे, दम्याचा त्रास वाढणे, अशी लक्षणे दिसल्यास औषधाबरोबरच चटईची खालची बाजू आणि भिंतीचा कोपराही पाहावा.

पहिला नियम अंथरुणाचा. आपल्याकडच्या कोरड्या हवेत गादी चार दिवस जमिनीवर पडून राहिली, तरी सहसा बिघडत नाही. तेथे झोपेतला घाम गादीतून चटईत उतरतो आणि खाली काळे डाग धरतात. म्हणून ‘फुतोन’ रोज सकाळी उचलावे, थोडा वेळ मोकळ्या हवेत ठेवावे आणि मगच ‘ओशिइरे’ या भिंतीतल्या कपाटात घालावे. ऊन पडले की सज्जावर वाळवावे. कपाटात लाकडी पट्ट्यांची फळी ठेवल्यास खालून हवा खेळते.

दुसरा नियम पाण्याचा. फरशीवर ओले फडके फिरवण्याची आपली सवय तातामीवर चालत नाही. विणीच्या दिशेने केर काढावा आणि कोरड्या किंवा घट्ट पिळलेल्या फडक्याने पुसावे. फोडणी देताना पंखा चालू ठेवावा व स्वयंपाक झाल्यावरही काही वेळ तो बंद करू नये. समोरासमोरच्या दोन खिडक्या रोज थोडा वेळ उघडाव्यात. २००३ नंतरच्या जपानी इमारतींत सतत वायुवीजनाची सोय बंधनकारक झाली. त्याआधीच्या घरांत ते काम राहणाऱ्यालाच करावे लागते. आर्द्रतामापक स्वस्त मिळतो. काटा ६० टक्क्यांच्या खाली राहील असे पाहावे.

तिसरा नियम थंडीचा. जुन्या घरांत उबदार असते ती केवळ बसण्याची खोली. न्हाणीघर गारठलेले असते. थंड खोलीतून एकदम कढत पाण्यात उतरल्यास रक्तदाब झपाट्याने बदलतो आणि वृद्धांना भोवळ येऊन प्राणावर बेतू शकते. टबाबाहेर बुटक्या आसनावर बसून आधी अंग स्वच्छ धुण्याची जपानी रीत पाटावर बसून न्हाणाऱ्यांना आवडेल. त्यानंतर टबात उतरायचे झाल्यास पाणी ४१ अंशांपेक्षा गरम नसावे आणि मुक्काम १० मिनिटांहून अधिक नसावा. रॉकेलची किंवा गॅसची शेगडी पेटवल्यास खिडकी अधूनमधून उघडलीच पाहिजे, कारण कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

तुम्ही स्वतः नातवंडांना भेटायला जाणार असाल, तर गुडघ्यांचा विचार आधी करावा. जमिनीवरून उठताना आधाराला भक्कम बैठे मेज असावे. कागदी सरकत्या दाराला धरून उठू नये. रात्री प्रसाधनगृहाच्या वाटेवर मंद दिवा ठेवावा. रुग्णवाहिकेचा क्रमांक ११९, घराचा पत्ता आणि नेहमीच्या औषधांची नावे जपानी लिपीत लिहून दाराजवळ लावावीत.

निघणाऱ्याच्या सामानात लोणची-पापड तुम्ही भरालच. सोबत एवढे सांगून ठेवा, की सकाळचा चहा ठेवण्याआधी अंथरूण उचलायचे आणि खिडकी उघडायची.