झोप आणि जाग एकाच गोळीत

२०२५ च्या फेब्रुवारीत तुळजापूरनजीक तामलवाडी येथे पोलिसांनी मेफेड्रोन, म्हणजे बोलभाषेतील ‘एम.डी.’, पकडले आणि सारा धाराशिव जिल्हा हादरला. मेंदूला कृत्रिम चेतना देणाऱ्या या द्रव्याविरुद्ध जनमत जागे झाले, हे योग्यच झाले. परंतु उत्तेजक द्रव्य म्हणजे केवळ चोरवाटेने येणारी पूड नव्हे. सौम्य उत्तेजके आपल्या घरच्या फडताळातही असतात, आणि तीही झोप आणणाऱ्या औषधाच्या जोडीने. सर्दीची साधी गोळी हे त्याचे नित्याचे उदाहरण होय.

पौषातील गारठा आणि तुरीच्या राशीवरील धूळ यांनी शिंका सुरू झाल्या की आपण डॉक्टरांकडे न जाता दुकानातून गोळी आणतो. तीत बहुधा तापासाठी पॅरासिटामॉल, शिंकांसाठी क्लोरफेनिरामीन आणि चोंदलेल्या नाकासाठी फिनायलेफ्रिन असते. कित्येक गोळ्यांत चहा-कॉफीतील कॅफीनही असते. क्लोरफेनिरामीन हे हिस्टामीनविरोधी औषध. शेवटची दोन उत्तेजक वर्गातील.

नाकात शिंका आणणारे हिस्टामीन मेंदूत मात्र जागेपणाचा पहारेकरी असते. क्लोरफेनिरामीनसारखी जुनी औषधे मेंदूत सहज शिरतात. जपानमधील तोहोकू विद्यापीठातील संशोधकांनी केलेल्या मेंदूच्या चित्रणात असे दिसले की, या औषधाच्या नेहमीच्या मात्रेनेच हिस्टामीनच्या निम्म्याहून अधिक ग्राहक-जागा अडविल्या जातात. स्मरणाशी संबंध असलेल्या ॲसिटिलकोलीनच्या कार्यातही ही औषधे अडथळा आणतात. उलट कॅफीन हे थकव्याची जाणीव करून देणाऱ्या ॲडिनोसीनला अडविते.

एकाने आणलेली झोप दुसऱ्याने घालवावी, ही कल्पना जुनीच आहे. १९४० च्या दशकात अमेरिकेत प्रवासातील मळमळीसाठी डायमेनहायड्रिनेट हे औषध तयार झाले. त्यात डायफेनहायड्रामीन या हिस्टामीनविरोधी औषधाची गुंगी कमी व्हावी म्हणून कॅफीनच्या कुळातील एक द्रव्य जोडण्यात आले. तथापि ते घेणाऱ्यास झोप येतेच, हा सर्वांचा अनुभव आहे. कारण मेंदूत जमा-खर्चाची सरळ वजाबाकी होत नसते. ही दोन औषधे निरनिराळ्या ठिकाणी काम करतात आणि दोहोंचा प्रभाव ओसरण्याचा वेळही निराळा असतो. क्लोरफेनिरामीन शरीरात कॅफीनपेक्षा पुष्कळच अधिक काळ टिकते. कॅफीनची तरतरी सरते. मंदावलेले अवधान मात्र मागे उरते. गळिताच्या हंगामात रात्री उसाची ट्रॉली ओढणारा ट्रॅक्टरचालक किंवा घाटातून मोटारसायकलीने परतणारा कारकून गोळी आणि वर कडक चहा घेऊन ‘आपण जागे आहोत’ असे समजतो. वस्तुतः त्याची झोप गेलेली नसते, ती केवळ झाकली गेलेली असते.

गुंतागुंत येथेच संपत नाही. स्वीडनचे आर्विड कार्लसन यांना १९६० च्या दशकाअखेर आढळले की, काही हिस्टामीनविरोधी औषधे सेरोटोनिन हे रसायन पेशींत परत शोषले जाण्यास अटकाव करतात. त्याच सुमारास अमेरिकेत कॉइल व स्नायडर यांना अशाच काही औषधांचा डोपामीनवर तसा परिणाम दिसला. ज्या वाटेने मादक उत्तेजके मेंदूचा ताबा घेतात, तिच्याच आसपास ही ‘निरुपद्रवी’ औषधेही वावरतात. प्राण्यांवरील प्रयोगांत यांपैकी काहींनी कोकेन, मेथॲम्फेटामीन यांचा प्रभाव वाढविल्याचे दिसले आहे. तेव्हा मौजेखातर अशी मिश्रणे करून पाहणाऱ्या तरुणांनी सावध राहावे. मात्रा वाढली की भ्रम, झटके आणि हृदयाच्या ठोक्यांतील बिघाड ओढवू शकतात.

लहान मुलांच्या बाबतीत तर अधिकच काळजी हवी. या औषधांनी काही मुले पेंगतात, तर काही उलट चिडचिडी व अस्वस्थ होतात. वर्गात पेंगणाऱ्या किंवा अकारण चुळबुळणाऱ्या मुलावर रागावण्यापूर्वी शिक्षकांनी ‘घरी कोणते औषध चालू आहे?’ एवढे विचारले तरी पुष्कळ होईल. क्लोरफेनिरामीन व फिनायलेफ्रिन यांचे मिश्रण चार वर्षांखालील मुलांना देऊ नये, असा इशारा वेष्टनावर छापण्याचा आदेश केंद्रीय औषध नियंत्रकांनी डिसेंबर २०२३ मध्ये दिला. त्याच वर्षी अमेरिकेच्या औषध प्रशासनाच्या सल्लागारांनी, पोटात घेतलेले फिनायलेफ्रिन नेहमीच्या मात्रेत चोंदलेले नाक मोकळे करीत नाही, असा निष्कर्ष काढला. म्हणजे ज्यासाठी गोळी घ्यावी तो लाभ संशयास्पद आणि गुंगी मात्र निश्चित!

याचा अर्थ ही औषधे विष आहेत असा नव्हे. योग्य रुग्णास, योग्य मात्रेत, वैद्यकीय सल्ल्याने ती उपयोगीच आहेत. प्रश्न आहे तो आपल्या बेफिकिरीचा. १९४५ च्या औषध नियमांतील ‘जी’ परिशिष्टानुसार हिस्टामीनविरोधी औषधांवर, वैद्यकीय देखरेखीवाचून ती घेणे धोक्याचे आहे, असा इशारा छापावा लागतो. तो बहुधा इंग्रजीत आणि बारीक अक्षरांत असतो. उसाच्या फडात राबणाऱ्या बाईने तो कसा वाचावा? शिक्षक, कारकून आणि विद्यार्थी यांना तो वाचता येतो. म्हणून तो स्वतःपुरता वाचून न थांबता शेजाऱ्याला मराठीत समजावून सांगणे, हे त्यांचे कर्तव्य ठरते. गोळी फोडण्यापूर्वी पाकीट उलटून पाहावे. साक्षरतेचा याहून साधा उपयोग दुसरा कोणता असणार?