न वाचता केलेल्या सात सह्या

२३ ऑगस्ट १८६४, मंगळवार. व्हाइट हाउसमध्ये मंत्रिमंडळाची बैठक भरली, तेव्हा अब्राहम लिंकन यांनी घडी घालून चिकटवून टाकलेला एक कागद मंत्र्यांपुढे ठेवला आणि त्याच्या पाठीवर सह्या करायला सांगितले. आत काय लिहिले आहे ते सांगितले नाही. परराष्ट्रमंत्री सूअर्ड, युद्धमंत्री स्टँटन, नौदलमंत्री वेल्स आणि बाकीचे चौघे अशा सातही जणांनी सह्या केल्या. आतला मजकूर चार-दोन ओळींचाच होता. त्याचा आशय असा: हे सरकार पुन्हा निवडून येईल असे दिसत नाही. तसे झाले, तर निवडणूक आणि शपथविधी यांच्या मधल्या काळात नव्या अध्यक्षाला साथ देऊन संघराज्य वाचवणे हे माझे कर्तव्य राहील, कारण ज्या भूमिकेवर तो निवडून आलेला असेल, ती पाहता पुढे त्याला ते वाचवता येणार नाही. यादवी ऐन भरात असताना निवडणूक घेतली म्हणून लिंकन यांची पाठ थोपटण्याची रीत आहे. पण निवडणूक घेतली यापेक्षा हरण्याची तयारी ठेवून घेतली, आणि हार जवळ आणतील अशी कामेही टाळली नाहीत, हे मला अधिक मोलाचे वाटते.

त्या उन्हाळ्यात निराश व्हायला कारणे भरपूर होती. मे-जूनच्या सहा-सात आठवड्यांत सेनापती ग्रँट यांच्या सैन्यातले सुमारे ५५ हजार सैनिक मेले, जखमी झाले किंवा बेपत्ता झाले, आणि एवढे होऊन सैन्य पीटर्सबर्गच्या खंदकांपाशी अडकून पडले. दुसरे सेनापती शर्मन अटलांटाच्या वेशीवर थांबले होते. जुलैत तर दक्षिणेची एक फौज थेट राजधानीच्या कडेला येऊन थडकली. फोर्ट स्टीव्हन्सच्या तटावरून लढाई पाहणाऱ्या लिंकन यांच्या आसपास गोळ्या येत होत्या. ‘न्यूयॉर्क टाइम्स’चे संपादक आणि पक्षाचे राष्ट्रीय प्रमुख हेन्री रेमंड यांनी २२ ऑगस्टला कळवले, की महत्त्वाची राज्ये हातची चालली आहेत. आता याच काळातला सरकारचा एक निर्णय पाहा. १८ जुलैला लिंकन यांनी आणखी पाच लाख सैनिक मागितले, आणि ५ सप्टेंबरपर्यंत ज्या भागाचा वाटा भरणार नाही तिथे सक्तीची भरती होईल असे जाहीर केले. मतदान होते ८ नोव्हेंबरला. निवडणुकीच्या तोंडावर सत्ताधारी सवलती वाटतात, घराघरांतली पोरे उचलून लढाईवर धाडत नाहीत. भरती पुढे ढकला म्हणून पक्षातले लोक गळ घालत राहिले, पण मागणी मागे घेतली गेली नाही. माणसे मिळाली नाहीत तर ग्रँट यांचा वेढा सैल पडेल, आणि मग निवडणूक जिंकून करायचे काय, असा तो साधा हिशेब होता.

यावर कायदा जाणणारा वाचक म्हणेल, की निवडणूक पुढे ढकलणे लिंकन यांच्या हातात होतेच कुठे? राज्यघटनेने मुदत चार वर्षांची ठरवलेली, मतदानाचा दिवस काँग्रेसच्या १८४५च्या कायद्याने बांधलेला, मतदान घेणार राज्ये. मुद्दा बिनतोड आहे, पण कागदावर. १८६१चा एप्रिल आठवून पाहा. काँग्रेसला न विचारता ७५ हजारांची फौज बोलावणारा, बंदरांची नाकेबंदी करणारा, हेबियस कॉर्पस, म्हणजे अटकेविरुद्ध न्यायालयात दाद मागण्याचा हक्क, स्थगित करणारा आणि काँग्रेसची बैठक थेट ४ जुलैला भरवणारा अध्यक्ष हाच. मर्यादा ताणायची कशी, हे या माणसाला नीट ठाऊक होते. न्यायालयाच्या बाबतीत ज्याने ती ताणली, त्याने मतपेटीच्या बाबतीत ती जागच्या जागी राहू दिली. ‘हातात नव्हते’ एवढ्याने या फरकाचा उलगडा होत नाही.

दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे. निवडणूक झाली खरी, पण निर्मळ झाली का? सगळीच नाही. मतदानाच्या आठवड्यात न्यूयॉर्कला सेनापती बटलर यांच्या हाताखाली फौज पाठवली होती. सरकारी नोकरांच्या पगारातून पक्षनिधी जमा होत होता. घाईघाईने राज्याचा दर्जा दिलेल्या नेव्हाडाने तर आपली अख्खी राज्यघटना तारेने वॉशिंग्टनला पाठवली, आणि मतदानाला आठ दिवस उरले असताना ते राज्य संघात आले. इंडियानाच्या कायद्यात सैनिकांना छावणीतून मत देण्याची सोय नव्हती, म्हणून लिंकन यांनी शर्मन यांना पत्र लिहून, जमेल तेवढ्यांना राज्याच्या ऑक्टोबरमधल्या निवडणुकीसाठी घरी सोडण्याची विनंती केली. हे राजकारणच होते, आणि ते झाकायचे कारण नाही. मात्र सैनिकांच्या मतांत धोकाही होता. समोर उभे होते जॉर्ज मॅक्लेलन, लिंकन यांनीच दोन वर्षांपूर्वी पदावरून हटवलेले सेनापती. सैनिकांचा त्यांच्यावर जीव होता. मतदानाच्या दिवशी राजीनामा देईपर्यंत ते सैन्याच्या पटावरही होते. निकालात त्यांना न्यू जर्सी, डेलावेअर आणि केंटकी ही तीनच राज्ये मिळाली. सैनिकांच्या दर चार मतांपैकी तीनहून अधिक लिंकन यांच्या बाजूने पडली. पण ऑगस्टमध्ये हे छातीठोकपणे सांगणारा कोणी नव्हता. चित्र पालटले ते २ सप्टेंबरला अटलांटा पडल्यावर.

तो चिकटवलेला कागद म्हणजे जनतेचा कौल येण्याआधीच त्याला बगल देण्याचा बेत होता, असाही अर्थ काही जण लावतात. पण ४ मार्चच्या शपथविधीपर्यंत कायदेशीर अध्यक्ष लिंकनच राहणार होते, आणि त्यांनी लिहिले होते ते साथ देण्याविषयी, खुर्ची अडवण्याविषयी नव्हे. शिवाय त्याच आठवड्यातली दुसरी हालचाल या कागदाशेजारी ठेवून पाहावी. १९ ऑगस्टला लिंकन यांनी गुलामगिरीविरोधी चळवळीतले कृष्णवर्णीय नेते फ्रेडरिक डग्लस यांना बोलावून घेतले. सत्ता गेली तर गुलाममुक्तीची घोषणा कितपत टिकेल याची खात्री नव्हती. म्हणून त्याआधी दक्षिणेतल्या जास्तीत जास्त गुलामांना संघाच्या हद्दीत कसे आणता येईल, याची योजना त्यांनी डग्लस यांच्याकडे मागितली. डग्लस यांनी ती लिहूनही पाठवली. पुढे तिची गरज पडली नाही. एकदा मात्र तोल ढळला. रेमंड यांच्या आग्रहावरून २४ तारखेला, गुलामगिरीचा प्रश्न बाजूला ठेवून दक्षिणेशी तहाची बोलणी करण्याचा मसुदा लिंकन यांनी लिहिला. दुसऱ्याच दिवशी तो गुंडाळून ठेवला. निवडणूक हरण्यापेक्षा हे वाईट, कारण ही आधीच पत्करलेली हार, असे रेमंड यांची समजूत घालताना सांगितले गेले. गुलामगिरी संपवणारी घटनादुरुस्ती जूनमध्ये प्रतिनिधिगृहात ९३ विरुद्ध ६५ अशी दोन-तृतीयांशाअभावी पडली होती. नोव्हेंबरचा कौल पुढे करून लिंकन यांनी तीच त्याच सभागृहासमोर पुन्हा आणली, आणि ३१ जानेवारी १८६५ रोजी ती ११९ विरुद्ध ५६ मतांनी मंजूर झाली. १८७३ साली जोतीराव फुले यांनी ‘गुलामगिरी’ हे पुस्तक अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना अर्पण केले, त्यामागे हे मतदानही येते.

निकालानंतर तीन दिवसांनी, ११ नोव्हेंबरच्या बैठकीत, लिंकन यांनी तो कागद बाहेर काढला. इतका घट्ट चिकटवला होता, की त्यांचे चिटणीस जॉन हे यांना तो न फाटता उघडण्यासाठी जपून कापावा लागला. मॅक्लेलन जिंकले असते तर काय करणार होतो, ते लिंकन यांनी सांगितले: त्यांना भेटून म्हणणार होतो, लोकांवर वजन तुमचे, सरकारचा कारभार अजून माझ्या हाती; तुम्ही जमतील तेवढे सैनिक उभे करा, मी सारी शक्ती लावतो. सूअर्ड म्हणाले, ते आज ‘हो, हो’ म्हणाले असते, उद्या पुन्हा ‘हो, हो’ म्हणाले असते, आणि शेवटी काहीच केले नसते. कागदाच्या पाठीवर टपालमंत्री माँटगोमेरी ब्लेअर यांचीही सही होती. पण ते आता मंत्री नव्हते. पक्षातल्या जहाल गटाची नाराजी काढण्यासाठी लिंकन यांनी सप्टेंबरमध्येच त्यांचा राजीनामा घेतला होता. त्यानंतरही ब्लेअर लिंकन यांच्यासाठी प्रचारसभांत बोलत राहिले.