पोराला जरा स्टेज डेअरिंग आणा

मार्च संपता संपता फोन सुरू होतात. "ताई, यंदा शिबिर कधी? पोराला जरा स्टेज डेअरिंग यायला पाहिजे बघा." सोलापुरात शाळकरी मुलांची नाट्यशिबिरं घेताना हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की ते पुरं व्हायच्या आत माझ्या कपाळाला आठी पडते. डेअरिंग म्हणजे जणू टॉनिक. रोज दोन चमचे, दहा दिवसांचा कोर्स. ते कसं पाजायचं हेही ठरलेलं असतं. पहिल्याच दिवशी मुलाला सगळ्यांपुढे उभं करा, नाव सांगायला लावा, एखादं गाणं, एखादी नक्कल. रडला तर रडू दे. एकदा भीड चेपली की झालं!

भीड अशी चेपत नाही. सुरुवातीची दोन-तीन वर्षं मीही हेच करत होते, म्हणून सांगते. पाचवीतली एक मुलगी होती. तिला पुढे बोलावलं आणि म्हटलं, "मांजर कर, सोपं असतं." ती पाण्याच्या बाटलीचं झाकण उघडत राहिली, लावत राहिली. मागून कुणीतरी "म्याँव" केलं, सगळे हसले. मीही हसले, वातावरण हलकं करायला म्हणून. ती दुसऱ्या दिवशी आली नाही. आईचा निरोप आला, पोटात दुखतंय. शिबिर संपेपर्यंत ते पोट दुखतच राहिलं.

ज्यांना माझ्या अनुभवावर भरवसा नाही त्यांच्यासाठी एक जुना शोधनिबंध. 1965 मध्ये रॉबर्ट झायन्स या मानसशास्त्रज्ञानं तोवरचे प्रयोग एकत्र मांडून एक नियम सुचवला: बघणारं कुणी असलं की अंगवळणी पडलेलं काम अधिक चांगलं होतं आणि नवं, अवघड काम बिघडतं. पुढे 1969 मध्ये त्यानं सहकाऱ्यांबरोबर हे झुरळांवरही करून पाहिलं. प्रेक्षक म्हणून बाजूला दुसरी झुरळं बसवली. सरळ वाटेवर धावणारी झुरळं प्रेक्षकांसमोर जास्त वेगानं पळाली, वाकड्या वाटेवरची रेंगाळली. झुरळांवरून माणसाचं काय ठरवायचं, हा प्रश्न रास्त आहे. पण 1983 मध्ये बाँड आणि टायटस या दोघांनी 241 अभ्यास एकत्र तपासले, तेव्हाही अवघड कामाचा वेग आणि अचूकपणा प्रेक्षकांमुळे घटतो असंच दिसलं. परिणाम प्रचंड नव्हता, छोटाच होता. पण दिशा तीच. आता मला सांगा, अनोळखी तीस मुलांपुढे मांजर होणं हे पाचवीतल्या मुलीला अंगवळणी पडलेलं काम आहे की नवं?

गंमत म्हणजे, ज्या 'थिएटर गेम्स'च्या नावानं हल्ली शिबिरांच्या जाहिराती होतात, ते मुळात मुलांना या 'बघणाऱ्यां'पासून सोडवण्यासाठीच घडवले गेले. व्हायोला स्पोलिन ही शिकागोची. हल हाऊस या वस्तीकेंद्रात नीव्हा बॉइड यांच्याकडे 1924 ते 1927 या काळात ती समूहखेळ शिकली. 1939 पासून सरकारी करमणूक प्रकल्पात तिच्यापुढे स्थलांतरितांची मुलं आली, घरात एक भाषा आणि रस्त्यावर दुसरी बोलणारी. व्याख्यान देऊन त्यांना अभिनय शिकवणं शक्यच नव्हतं. तिनं खेळ रचले आणि प्रत्येक खेळात मुलाला लक्ष लावायला एकच नेमकं काम दिलं. 1963 मध्ये तिचं पुस्तक आलं. त्यातला मुख्य मुद्दा असा की शाबासकीची आस आणि नापसंतीची भीती ही दोन्ही मुलाला बांधून ठेवतात. लक्ष कामात गुंतलं की ती गाठ आपोआप सैल होते.

म्हणजे डेअरिंग आधी आणि काम नंतर असा क्रमच नाही. हातात काम असलं की डेअरिंगची आठवणही राहत नाही.

माझ्या शिबिरात हातात नसलेली वस्तू वापरण्याचा खेळ असतो. एका वर्षी एक मुलगा तीन दिवस अवाक्षर बोलला नव्हता. त्या दिवशी सगळे एकाच वेळी आपापल्या कामात होते, कुणी भाकरी थापतंय, कुणी सायकलची चेन बसवतंय. यानं हवेत दोन टोकं पकडली, चिमटीत आणली, अंगठा फिरवून गाठ मारली, उरलेलं टोक नखानं तोडलं आणि पुन्हा पुढचा धागा शोधायला लागला. त्याचे वडील यंत्रमागावर होते. शेजारचा पोरगा आपली चेन सोडून बघत राहिला आणि म्हणाला, "काय बे, खरंच धागा दिसायलाय की!" प्रेक्षक मिळाला तो असा, काम बसल्यावर. मी तेव्हा काहीच बोलले नाही. बोलले असते तर पुन्हा तेच झालं असतं, बघा बघा, किती छान करतोय.

या सगळ्याचा आखणीशी थेट संबंध आहे. शिक्षक माझ्याकडे खेळांची यादी मागतात. "पन्नास गेम्स द्या की मॅडम, पीडीएफ असेल तर बरं." दीड तासाच्या सत्राला पाच खेळ पुरतात, प्रश्न क्रमाचा असतो. आधी सगळे एका वर्तुळात, एक टाळी शेजाऱ्याकडे द्यायची, तिनं वेग धरायचा. मग जोड्या, समोरासमोर, एक जण आरसा. पंधरा जोड्या एकदम चालल्यात म्हणजे कुणाला कुणाकडे बघायला सवड नाही. मग चौघांचे गट. त्यानंतर निम्मे करणारे, निम्मे बघणारे; अजूनही एकटं कुणीच नाही. एकट्यानं पुढे यायची वेळ सातव्या-आठव्या दिवशी, तीही ज्याला यावंसं वाटेल त्याची. तोवर काम अंगवळणी पडलेलं असतं आणि मग झायन्सच्या नियमाचा पहिला भाग आपल्या बाजूनं लागतो. हुतात्मा स्मृती मंदिराच्या रंगमंचावर शेवटच्या दिवशी त्याच मुलांना प्रेक्षक हवे असतात, आणि असावेतच.

याच हिशोबानं 'आऊट' करणाऱ्या खेळांकडे बघा. 'शिवाजी म्हणतो' किंवा संगीत खुर्ची घेतली की सगळ्यात आधी बाहेर कोण पडतं? जे बावरलेलं आहे, ज्याला सूचना उशिरा कळते ते. म्हणजे ज्याला सरावाची सर्वांत जास्त गरज, तेच मूल भिंतीला टेकून दहा मिनिटं बसणार. खेळ टाकून द्यायची गरज नाही. चुकलेल्यानं दुसऱ्या वर्तुळात जाऊन तोच खेळ सुरू ठेवायचा. थोड्या वेळात तिथली गर्दी वाढते आणि मजाही.

"पण अॅक्टिंग रक्तातच असावी लागते ना? अतुल कुलकर्णी आपल्या सोलापूरचेच." हो, इथेच वाढले. पण त्यांनी आधी इथल्या नाट्य आराधना संस्थेत काम केलं, मग दिल्लीच्या राष्ट्रीय नाट्य विद्यालयात शिकून 1995 मध्ये बाहेर पडले. रक्ताची गोष्ट सांगताना ती सगळी वर्षं गाळायची नसतात.

ज्याचं मराठी कच्चं तो नाटकात काय करणार, हे तर सोलापुरात कुणी बोलूच नये. इथे एका वर्तुळात मराठी, तेलुगू, कन्नड आणि उर्दू बोलणारी घरं शेजारी-शेजारी उभी असतात. स्पोलिनकडे निरर्थक भाषेत बोलायचे खेळ आहेत, आपल्याकडे मुलं च-ची भाषा कधीपासून बोलतात. अशा खेळात सगळे सारखेच अडखळतात. हे खेळ परदेशी आहेत, असं म्हणणाऱ्यांनी नवरात्रात एकदा शहरात फिरावं. एका अंगणात हत्तीभोवती भोंडल्याचा फेर असतो, तर तेलुगू वस्तीत फुलांच्या बतुकम्माभोवती. वर्तुळात, लयीत, सगळ्यांनी एकदम, कुणीही आऊट नाही.

पण म्हणून शब्द बिनकामाचे ठरत नाहीत. संवादात शब्दांचा वाटा 7 टक्केच, बाकी सगळी देहबोली, हे वाक्य शिक्षकांच्या प्रत्येक प्रशिक्षणात भिंतीवर झळकतं. अल्बर्ट मेहराबियन यांच्या 1967 मधल्या प्रयोगांत सुटे शब्द आणि त्यामागची आवड-नावड एवढंच तपासलं होतं. हा आकडा सगळ्या संवादाला लावू नका, असं खुद्द त्यांनीच सांगितलंय.

आवाज मोकळा व्हावा म्हणून मुलांना पत्र्याच्या शेडमध्ये ओरडायला लावतात, त्यानं स्वरतंतू सुजतात. ओठ मिटून गुणगुणणं, ओठांचा भुर्रर्र करणं पुरे. गरम पाणी प्यायला हरकत नाही, पण ते अन्ननलिकेतून जातं, स्वरतंतूंना शिवतही नाही. वॉर्म-अप म्हणजे पोरांना पळवून दमवणं, हाही एक लाडका समज. मे महिन्यात आपल्याकडे पारा 42 अंशांच्या वर जातो. दमलेलं मूल शांत दिसतं, पण ते ऐकत नसतं. हळूहळू वाढणारी हालचाल द्या, सकाळी साडेसातला सुरू करा. आणि डोळे मिटून मागे पडायचं, बाकीच्यांनी झेलायचं, हा 'विश्वासाचा खेळ' शाळकरी मुलांकडून करवून घेऊ नका. दहा वर्षांच्या हातांत तेवढी ताकद नसते, विश्वास कितीही असो.

नाटकानं अभ्यास बुडतो म्हणणाऱ्यांना एवढंच सांगते की एनसीईआरटीच्या सहावीच्या 'कृती' या पुस्तकात चित्र, संगीत, नृत्य यांच्या बरोबरीनं नाट्यही आहे. आता तो अभ्यासच आहे.

राहिले खिडकीतले पालक. सोडायला येतात आणि गजांना धरून मोबाइल उंचावून उभे राहतात. पोरगं आरशाच्या खेळात समोरच्याकडे बघायचं सोडून आईच्या कॅमेऱ्याकडे बघायला लागतं. सोलापूरच्या उन्हाळ्यात खिडक्या लावून घेता येत नाहीत. म्हणून मी पालकांना कोपऱ्यावरच्या टपरीवर चहाला पाठवते आणि साडेनऊला या म्हणते. काही रागावतात. "ताई, आम्ही नुसतं बघणार होतो की."

"तेच नको," एवढं म्हणते आणि वर्गात जाते.