डेबियनमधील डेस्कटॉप पर्यावरणाची निवड

डेबियन ही मुक्त स्रोत संचालन प्रणाली संगणकावर बसवताना वापरकर्त्याला डेस्कटॉप पर्यावरण निवडता येते. खिडक्या, मेनू, पॅनेल, फाइल व्यवस्थापक आणि सेटिंग्ज यांच्या एकत्रित संचाला डेस्कटॉप पर्यावरण म्हणतात. विंडोज व मॅकओएसमध्ये हा संच प्रणालीचाच भाग असतो. लिनक्सवर आधारित प्रणालींमध्ये मात्र तो स्वतंत्र घटक असून बदलता येतो. डेबियनमध्ये ग्नोम, केडीई प्लाझ्मा, एक्सएफसीई, सिनॅमन, माते, एलएक्सडीई व एलएक्सक्यूटी हे पर्याय उपलब्ध आहेत. यांपैकी ग्नोम हा मूळ पर्याय आहे.

परवान्याचा वाद

माथियास एट्रिच यांनी १९९६ साली केडीई प्रकल्पाची घोषणा केली. केडीई ज्या क्यूट संचावर आधारलेले होते, त्याचा परवाना त्या वेळी मुक्त नव्हता. त्यामुळे १९९७ मध्ये मिगेल दे इकाझा व फेडेरिको मेना यांनी पूर्णतः मुक्त पर्याय म्हणून ग्नोम सुरू केले. केडीईचा जीपीएल परवाना आणि क्यूटचा परवाना यांत विसंगती असल्याचे कारण देऊन डेबियनने ऑक्टोबर १९९८ मध्ये केडीई आपल्या संग्रहातून काढून टाकले. सप्टेंबर २००० मध्ये क्यूट जीपीएलखाली उपलब्ध झाल्यावर हा अडथळा दूर झाला. २००२ च्या डेबियन ३.० आवृत्तीत केडीईचा समावेश होता.

मूळ पर्यायातील बदल

ज्यांना पर्यायांची माहिती नसते, ते बहुधा समोर येईल तेच पर्यावरण वापरतात. म्हणून मूळ पर्याय ठरवणे हा महत्त्वाचा निर्णय ठरतो. ग्नोम एका सीडीवर मावणे कठीण झाल्याने २०१२ मध्ये विकसनशील आवृत्तीत एक्सएफसीई हा मूळ पर्याय करण्यात आला. तो निर्णय पुढे मागे घेतला गेला. २०१३ च्या अखेरीस पुन्हा एक्सएफसीईची निवड झाली. सप्टेंबर २०१४ मध्ये ग्नोम परत आणले गेले. दृष्टिहीन व अन्य दिव्यांग वापरकर्त्यांसाठीच्या सुविधा आणि सिस्टमडीशी असलेला मेळ ही त्यामागील प्रमुख कारणे होती. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या डेबियन ८ मध्ये ग्नोमच मूळ पर्याय राहिले.

निवडीचे निकष

स्मृती (रॅम) कमी असलेल्या जुन्या संगणकांसाठी एक्सएफसीई, एलएक्सडीई किंवा एलएक्सक्यूटी सोयीचे ठरतात. ग्नोमला तुलनेने अधिक स्मृती लागते. त्याची मांडणी साधी असून बदलाचे पर्याय मर्यादित आहेत. केडीई प्लाझ्मामध्ये जवळजवळ प्रत्येक घटक वापरकर्त्याला आपल्या पसंतीप्रमाणे बदलता येतो. २०११ मध्ये आलेल्या ग्नोम ३ ची नवी रचना अनेकांना रुचली नाही. त्यातून जुनी मांडणी जपणारे माते आणि पारंपरिक मेनू व पॅनेल असलेले सिनॅमन हे पर्याय पुढे आले. पडद्यावरील मजकूर वाचून दाखवणारा ऑर्का हा कार्यक्रम ग्नोम प्रकल्पातून विकसित झाला आहे. देवनागरी टंकलेखनासाठी लागणारी आयबस व्यवस्था ग्नोमच्या सेटिंग्जशी जोडलेली असते. इतर पर्यावरणांत ती वेगळी जुळवावी लागू शकते.

एकाच संगणकावर एकापेक्षा अधिक पर्यावरणे बसवता येतात व प्रवेश करताना त्यांपैकी एक निवडता येते. पर्यावरण बदलल्याने वापरकर्त्याच्या फाइली नष्ट होत नाहीत. मात्र एकाच कामाचे अनेक कार्यक्रम मेनूत दिसू लागतात आणि डिस्कवरील अधिक जागा व्यापली जाते.