हात अडखळतात, दोष मानेत

शर्टाचे बटण लावायला वेळ लागतो. फळ्यावरचे अक्षर बिघडते. कपाशीच्या शेतात बोंडातला कापूस चिमटीत नीट येत नाही. कळण्याची भाकरी थापताना हात वळत नाही. अशा वेळी ‘वय झाले’ किंवा ‘साखर वाढली असेल’ असे आपण म्हणतो. मान दुखत नसेल, तर मानेचा विचारही मनात येत नाही. घोटाळा होतो तो इथेच.

आपल्या मानेत ७ मणके असतात. त्यांच्या मधल्या नळीतून मज्जारज्जू खाली जातो. ही नळी पुढून मागे साधारण १५ ते १७ मिलिमीटर असते आणि मज्जारज्जू सुमारे ८ मिलिमीटर. म्हणजे मोकळी जागा थोडीच. वयाबरोबर मणक्यांमधल्या चकत्या झिजतात, हाडाच्या कडा वाढतात, अस्थिबंध जाड होतात आणि ही जागा आक्रसते. जन्मतःच नळी अरुंद असेल, तर त्रास लवकर सुरू होतो. डोक्यावरून ओझी वाहणाऱ्यांमध्ये ही झीज अधिक दिसते, असे घाना देशातील अभ्यासांत आढळले आहे. रावेर-यावल भागात केळीचे घड वाहणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे.

दोष मानेत असताना पाय का लटपटतात? गिरणेच्या कालव्यात वरच्या बाजूला अडथळा आला, तर शेवटच्या शेतालाही पाणी मिळत नाही. तसेच पायांकडे जाणारे मज्जातंतू मानेतूनच जातात. म्हणून पाय कडक आणि जड वाटतात, चाल अडखळते, अंधारात किंवा डोळे मिटून तोंड धुताना तोल जातो. एका हातात कळ जाते ती बहुधा मज्जारज्जूतून निघणाऱ्या एखाद्या शिरेवरील दाबामुळे. पण बोटांचा बोथटपणा आणि पायांची लटपट एकत्र दिसली, तर मज्जारज्जूवरील दाबाची शंका घ्यावी. मान पुढे वाकवताच पाठीतून विजेसारखी झिणझिणी जाणे, लघवी रोखता न येणे, हीदेखील लक्षणे होत.

एक सोपी चाचणी वर्गातही करता येईल. दहा सेकंदांत मूठ पूर्ण मिटायची आणि पूर्ण उघडायची. निरोगी प्रौढ माणसाला हे २० किंवा अधिक वेळा जमते. आकडा बराच कमी आला, तर निदान झाले असे नव्हे. पण डॉक्टरांना दाखवायला हवे.

उशीर मात्र महागात पडतो. २०१३ साली इस्रायलमधून प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात लक्षणे सुरू झाल्यापासून निदानापर्यंत सरासरी दोन वर्षांहून अधिक काळ गेल्याचे आढळले. अनेकांवर आधी मनगटातील शीर दबल्याचे समजून उपचार झाले होते. शस्त्रक्रियेने दाब निघतो, पुढची हानी बहुधा थांबते; पण गेलेली शक्ती पूर्ण परत येईलच असे नाही. म्हणून लवकर ओळखणे महत्त्वाचे.

क्ष-किरण चित्रात हाडे दिसतात, मज्जारज्जू दिसत नाही. त्यासाठी एमआरआय लागतो. धुळे आणि जळगाव या दोन्ही ठिकाणी शासकीय वैद्यकीय महाविद्यालये आहेत; तेथे तपासून घ्यावे. तोवर केस कापताना मान मोडून घेऊ नये, मानेला झटके देऊन घेऊ नयेत. पडल्यानंतर हातपाय एकाएकी लुळे पडले किंवा लघवी अडली, तर मान न हलवता त्याच क्षणी रुग्णालय गाठावे.

आपल्या शाळेतील एखाद्या सहकाऱ्याचे अक्षर अलीकडे बदलले आहे का? विचारून पाहू या.